ओइवाची रेघ

दारूबंदी उठली त्या एप्रिलात
खात्यानं माझ्या गस्तीच्या होडीचं इंजिन विकायला काढलं,
आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते ओइवा.
बारा वर्षं ज्याची नुसती पाठ पाहिली
तो समोरून एवढा बुटका असेल
असं वाटलं नव्हतं.

इंजिनाला कान लावून म्हणाला,
"डाव्या अंगाला खोकतं. अंधारातसुद्धा ओळखायचो मी.
तेल बदला, असा निरोप धाडणार होतो तुम्हाला."

मग मीही बोललो.
त्या नोव्हेंबरात, आखातावर बर्फ धड धरला नव्हता,
तुझा कंदील विझला
तेव्हा माझा पेटता ठेवून
तासभर थांबलो होतो खडकापाशी.
रजिस्टरात लिहिलं : धुकं.
"माहीत आहे," म्हणाला. एवढंच.

शेवटी विचारलंच, जे बायकोपाशीही कधी काढलं नाही :
एस्टोनियाहून आलेले स्पिरिटचे डबे
माझ्या हातावर तुरी देऊन
न्यायचास तरी कुठून?

त्यानं हेरिंगच्या खाऱ्या पाण्यात बोट बुडवलं,
टेबलावर रेघ ओढली.
दोन बेटं, दीपगृह, वाळूचा उंचवटा,
आणि तिथून सरळ
माझ्याच घरच्या धक्क्याखाली.

"पहाटे तुमची मुलगी असायची, गळ टाकून.
हात करायची."

आयनो तेव्हा आठ वर्षांची.
आता कोटकाला असते, पत्रं लिहिते,
हे कधी लिहिलं नाही.

रेघ वाळायच्या आत मी बाहीनं पुसली.
किमतीवर मात्र
अंधार पडेस्तोवर घासाघीस केली,
दोघांनीही,
एक मार्क न सोडता.