रोजचं काढा

आजवर लग्नंच काढत आलो.
हनुवटी वर, इकडं बघा, मामा जरा आत सरका,
हार नीट करा, आता हसा.
वीस वर्षं शहापुरात स्टुडिओ,
पडद्यावर एकच धबधबा
आणि त्याच्यापुढं अर्धं बेळगाव.

मग पुण्याहून श्रीधरचा फोन.
आमच्या घरात एक दिवस जाऊन बसा, म्हणाला,
रोजचं काढा.
कुणाला हस म्हणून सांगू नका.
पैसे धाडतो.

वडगावात आतल्या गल्लीत त्यांचं घर,
म्हणजे दोन माग, आणि उरलेल्या जागेत माणसं.
सकाळी सहाला पोचलो तर
म्हातारी तंगेव्वा उंबऱ्यात पाय पसरून कांड्या भरत होती.
कॅमेरा बघून पदर डोक्यावर घेतला,
दात नव्हते म्हणून तोंड मिटलं,
मग उघडून कन्नडात विचारलं, कोण मेलंय का.
कुणी नाही आज्जी. असंच.
असंच कोण काढतं, म्हणाली,
आणि आत चहा सांगितला.

पहिला तासभर सगळे लग्नातल्यासारखे वागले.
नागेंद्रनं मागावर जायला इस्त्रीचा शर्ट घातला.
पोरगं दर वेळी दोन बोटं वर करायचं.
मग माग सुरू झाले
आणि मी कुणाला दिसेनासा झालो.
त्या खडखडाटात ओरडलो असतो तरी कुणी वळलं नसतं.
आवाज फोटोत येत नाही,
हे वीस वर्षांत पहिल्यांदा खुपलं.

काढत गेलो.
तुटलेला धागा जिभेनं ओला करणारा नागेंद्र.
टीव्हीवर औषधं, औषधांवर शाळेचा टाय.
भाजीवालीच्या पाटीतून दोन वांगी जास्तीची उचलणारा हात.
पोरगं कन्नड पाठ करतंय, बाप मराठीत दटावतोय,
आज्जी दोन्हीत.
सुताच्या हिशेबावरून झालेलं भांडण, तेही काढलं.
कुणी थांब म्हणालं नाही.

पंधरा दिवसांनी फोटो घेऊन गेलो. एकशे बारा.
चटईवर पत्त्यांसारखे मांडले.
आज्जीनं स्वतःला बघून विचारलं, माझी आई कुठनं आली ह्यात.
नागेंद्रला पाठीचा बाक दिसला, तो उठून मागाकडं गेला.
पोरगं आपले मोजत बसलं.

कस्तुरी शेवटी आली, हात पदराला पुसत.
उभ्यानंच, जरा वाकून बघत राहिली,
विणलेल्या साडीत दोष शोधतात तशी,
काठापासून काठापर्यंत.
मग म्हणाली,
"मी बसलोच नाही की ओ. एकात पण."

आमच्याकडं बायका मी आलो, मी गेलो, असंच बोलतात.
बाहेरची माणसं हसतात त्याला.

पुन्हा बघितले सगळे.
गॅसपुढं उभी. नळावर वाकलेली.
मागाशी, दाराशी, पोराच्या मागं भांग पाडत.
सगळे जेवायला बसलेत त्या फोटोत
तिला डोकंच नाही, वाढणारा हात फक्त.
ती चौकट मला चांगली साधली वाटली होती.

बसा की मग, म्हटलं, काढतो.
"रोजचं काढायला सांगितलंय नव्हं भावजींनी?"

तेवढ्यात करंट गेला.
धोटे मधेच अडकले, दोन्ही माग थांबले,
मग शेजारचे, मग गल्लीतले,
आणि वडगाव इतकं गप्प झालं
की पलीकडच्या घरातली फोडणी ऐकू आली.
कस्तुरी मागाच्या कट्ट्यावर टेकली.
कुणासाठी म्हणून नाही.
एक गुडघा हातात धरून, कुठंतरी खाली बघत.

चार मिनिटं असतील.
मग पंखा हलला.

एकशे तेरावा अल्बमात लावला नाही,
पाकिटात घालून तिच्या हातात दिला.
मंगाईच्या जत्रेला बोलावलं तेव्हा
पिठाच्या डब्यामागं उभा केलेला दिसला,
कोपऱ्याला पीठ लागलेलं.
मी काही विचारलं नाही.
ती वाढत होती.
ताट पुढं सरकवलं माझ्या,
बसा, म्हणाली.