दीडशे क्रमांकाचं कपाट

चोपड्याच्या आमच्या वाचनालयात
दीडशे क्रमांकाचं कपाट खिडकीशी आहे,
म्हणजे उन्हात.
मनावरची सगळी पुस्तकं त्यात.
मे महिन्यात पुठ्ठे असे तापतात
की राग, भय, न्यूनगंड
हातात धरवत नाहीत.

कादंबरी नेणारा ती टेबलावर आपटतो.
हे कपाट उघडणारा आधी मागे बघतो,
मग दोन पुस्तकं आणतो,
वर ठिबक सिंचन, खाली हे.
'पुतण्याला पाहिजे, बी.एड. करतोय.'
एकोणीस वर्षांत मी इतके पुतणे नोंदवले
की तालुक्यात शिकवायला पोरं उरली नसती.

परत आलेलं पुस्तक मी झटकते.
भयाच्या प्रकरणातून पडलं यावलचं एसटीचं तिकीट, अर्धं.
झोप न येण्याच्या पानांतून उडदाच्या पापडाचा चुरा.
मुलं ऐकत नाहीत, त्या पानातून
दहावीतल्या मुलाचा फोटो, कडेचा माणूस कापलेला.
सापडलेलं जपून ठेवावं, असा नियम आहे.
डबा भरला. मागायला कोणी आलं नाही.

लोटन दगा बाविस्कर, सभासद सातशे बारा,
केळीच्या काट्यावर मापारी.
कानावर कॉपिंग पेन्सिल.
ती जिभेला लावून लिहितो,
म्हणून खालच्या ओठावर कायम जांभळा ठिपका.
समासात लिहायला मनाई आहे, पाटी त्याच्या डोक्यावरच आहे.

पान एकतीस. लेखक म्हणतात, अबोला ही शिक्षा असते.
समासात, जांभळ्यात:
आमच्याकडे अकरा वर्षं.

पान चव्वेचाळीस. मनाची आकृती, तीन भाग, बाण.
त्याने नावं बदललीत: घड, फणी, दांडा.
खाली लिहिलंय,
दांड्याचं वजन धरत नाहीत. पण उचलावा लागतोच.

पान छप्पन्न. समोरच्याला काय वाटतं ते गृहीत धरू नका, विचारा.
समासात: सोपं आहे का हो.

आणि शेवटच्या पानावर, जिथे लेखक सगळ्यांचे आभार मानतात,
एकच शब्द:
विचारलं.
पूर्णविराम इतका दाबलेला
की मागच्या पानावर हाताला लागतो.

ती काय म्हणाली?
मी सूची पाहिली, मलपृष्ठ पाहिलं,
तारखांची चिठ्ठी उचकटून पाहिली.
नाही.

पुढच्या सोमवारी लोटन आला
आणि पाण्याची मोटर दुरुस्त करण्याचं पुस्तक घेऊन गेला.
'मोटर जळाली,' म्हणाला.
जळालीही असेल.
मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले,
ठिपका होता, बाकी काही वाचता आलं नाही.

दंड दहा रुपये, आणि मजकूर खोडावा.
मी रबर घेऊन बसले.
कॉपिंगचं लिहिलेलं रबराने जात नाही,
पाणी लावलं तर आणखी उमटतं.
लावलं मी पाणी.

नंदुरबारला माझी मोठी बहीण असते.
आईच्या दहाव्याला म्हणाली होती,
'तुला काय, तुझं सगळं पुस्तकात.'
त्यावर मी बरंच वाचलं.
त्या वाक्याला काय म्हणतात, कोणत्या दुखण्यातून येतं,
मला प्रकरणासकट सांगता येईल.
सहा वर्षं झाली.

दुपारी कूलरमधलं पाणी संपलं,
वाचक कोणी नव्हता, वर्तमानपत्रं दगडाखाली फडफडत होती.
मी नंबर लावला.
'काय वं,' ती म्हणाली, 'आज कशी याद उनी?'

मी जे विचारायचं ठरवलं होतं
ते विचारलंच नाही.
म्हटलं, कळण्याच्या भाकरीला उडीद किती घालायचे गं.

मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.
थोडा वेळ दोन्हीकडे नुसते पंखे.
मग ती म्हणाली, 'लिही.'
मी लोटनचं पुस्तक ओढलं, पेन्सिल उघडली,
आणि आभाराच्या पानावर, त्याच्या शब्दाखाली,
लिहून घेतलं:
ज्वारी चार वाटे, उडीद एक,
मीठ दळतानाच.