परतीचं भाडं

सावद्याला केळी भरली, ताडपत्री मीच ओढली.
बिल्टीवर मालक: लोटन उखर्डू कोळी.
चालक: तोच.

पारोळ्यापुढे चालक म्हणाला, डोळा लागतोय.
मालक म्हणाला, माल पिकतोय.
दोघांत मिळून एक शेवभाजी घेतली,
पैसे मालकानं दिले, कुरकुरत.

सुरतेत गाडी रिकामी झाली, आणि क्लीनरची सीटही.
झिपरूनं पिशवी उचलली:
"मामा, मिलमा पगार वखतवर भेटस."
मी अडवलं नाही. त्याचे दोन महिने
माझ्याकडेच होते.

परतीचं भाडं नंदुरबारहून, मिरची.
दलाल चारला म्हणाला "आहे", सहाला "बघतो",
मग त्याचा फोनच लागेना.
हातोडीनं टायर ठोकत बसलो. मागचा डावा गोटा झालाय.
टायर मालकाचा,
खड्डा ड्रायव्हरचा.

अकराला पोती चढली.
दोंडाईच्याच्या अलीकडे पोलिसानं टॉर्च मारला,
थेट तोंडावर.
"रडतोस का रे?"
"मिरची आहे, साहेब."
तो मागे गेला, पोतं हुंगून दोनदा शिंकला
आणि जा म्हणाला.

त्याला पटलं.
पुढच्या फाट्यापर्यंत
मलाही.