दोनचा राउंड

डॉक्टर देतात त्या कागदाला इथे फिट नोट म्हणतात,
आणि त्यावर लिहिलेलं असतं, फिट नाही.
कारण: मानसिक ताण. मुदत: चार आठवडे.
तो मी फ्रिजवर लावलाय,
नातवाने काढलेल्या पाणबुडीखाली.
बॅरोतली सगळी पोरं पाणबुडीच काढतात.

दुसरा कागद ड्रॉवरमध्ये, चमच्यांखाली.
तो पोस्टमनकडून सही करून घेतला.
सही करायला मी कधी कचरले नाही, तेच नडलं.
शिस्तभंगाची सुनावणी, गुरुवार, साडेदहा.
आरोप: औषधांच्या तक्त्यावर खोटी वेळ लिहिणे.

आरोप खरा आहे.
हे मी युनियनच्या डेस्मंडला सांगितलं
तेव्हा त्याने उचललेलं बिस्किट परत बशीत ठेवलं.
म्हणाला, लोर्ना, हे वाक्य पुन्हा कुणासमोर नको.

त्या रात्री मजल्यावर दोघी हव्या होतो, मी एकटी होते.
बावीस खोल्या.
नऊ नंबरमध्ये मिस्टर फिशविक,
चाळीस वर्षं गोदीत वेल्डिंग केलेले,
मनगटापर्यंत ठिणग्यांचे पांढरे ठिपके.
दीड वाजता त्यांनी माझा हात धरला.
बाकी कशातच जोर उरला नव्हता, पकडीत होता.
बोलले काहीच नाहीत.
एकदा फक्त, "खिडकी," आणि मी पडदा सरकवला,
बाहेर पुलावरचे दिवे, भरतीचं काळं पाणी.

दोन वाजता अकरा नंबरची गोळी होती.
दिली चार दहाला.
लिहिलं, दोन.

कुणाला काही झालं नाही,
हेही बोलायचं नाही म्हणे,
सगळेच तसं म्हणतात.

तो म्हणतो, राजीनामा दिलास तर
त्यांचा सुंठीवाचून खोकला गेला,
आणि तुझ्या नावापुढे कायमचं राहील:
चौकशी चालू असताना सोडून गेली.
रजेवर राहा. अर्धा पगार का होईना, येतोय.
डेस्मंडचं बरोबर असतं. त्याचं नेहमीच बरोबर असतं.

पण रजेवर राहणं हेही एक कामच निघालं.
वॉल्नीच्या वाळूवर चालताना दिसले कुणाला तरी,
दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंचा फोन,
आवाजात मध घातलेला:
"जरा मोकळ्या हवेत जाता का हल्ली?"
तेव्हापासून दुकानात शिरले की मी खोकते.
मला खोकला नाहीये.

पहिलं पत्र चार पानी झालं.
त्यात फिशविक होते, ठिणग्या होत्या,
मजल्यावरच्या माणसांचा हिशेब होता,
मॅनेजरबाईंच्या नव्या गाडीचा रंगसुद्धा होता.
वाचलं. रडके लोक लिहितात तसं होतं.
दुसरं दोन पानी, त्यात मी माफी मागितली होती.
तेही फाडलं,
कारण माफी ज्यांची मागायची
ते पाच वाजता गेले,
आणि तोवर माझा हात त्यांच्या हातात नव्हता.
मी अकरा नंबरमध्ये होते,
तक्ता भरत.

ही गोष्ट मी डेस्मंडलाही सांगितलेली नाही.

आता पत्रात एवढंच:
मी नोकरी सोडते आहे. वेळ मी चुकीची लिहिली.
दोन ट्युनिक धुऊन पाठवते, लॉकरची किल्ली सोबत.

खाली सही, तारीख.
तारखेपुढे हात थांबला,
ओट्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं
आणि कुणी विचारलं नसताना वेळही लिहिली:
पहाटे चार सत्तेचाळीस.

तिकीट सेकंड क्लासचं लावलंय.
पोचायला दोन-तीन दिवस लागतील,
गुरुवार आधी येईल की पत्र, माहीत नाही.
ट्युनिक मशीनमध्ये गरगरतायत.
खिशात पेन राहिलं वाटतं, काहीतरी खडखडतंय.