टोरीचं तेल

हिंगणा रोडवरून खरवडून आणलेलं डांबर,
बावीस उन्हाळे खाल्लेलं.
बोटानं दाबलं तर पापडासारखं तुटतं.

त्यात शंभराला चार या मापानं
मोहाच्या टोरीचं तेल.
तापल्या भांड्यावर वास उठतो
आणि प्रयोगशाळेत एकदम
देवलापारची आत्या,
तिचे चोपडे केस, तिच्या दिव्याची काजळी.

"काय तळून राहिली वं?"
दारातून नागोसे. रोलर चालवून चालवून
अर्धा बहिरा झालेला.
रस्ता, म्हणते मी, मोठ्यानं.
तो हसत नाही.

पंचवीस अंशाला निववायचं.
शंभर ग्रॅम वजन, एक सुई, पाच सेकंद.
काल अठरा रुतली होती.
आज एकावन्न.

वहीत आकडा लिहिला. खाली शेरा:
मे महिन्यात बघू,
सत्तेचाळीसच्या उन्हात,
कळमन्याकडे मिरचीचे ट्रक वरून जाताना.
उरलं तर गच्चीवरही लावून पाहू,
कोपऱ्यात तशीही गळतेच.

नागोसेनं डब्याच्या तळाचं तेल बोटावर घेतलं,
वाकून टाचेच्या भेगेत भरलं.
"इथं त लागू पडते," म्हणाला,
आणि चप्पल हातात घेऊन निघाला.

फरशीवर, दारापर्यंत,
एकाच पायाचे चिकट ठसे.