योगराजचा डिसेंबर

मशीन न्हावाशेवाला अडकलं, कस्टममध्ये.
माणूस मात्र वेळेवर आला,
जळगाव स्टेशनात, पहाटे चार वाजून दहाला,
पाठीवर सॅक, हातात स्वतःच्याच नावाची पाटी.
घ्यायला येणारा उशीर करणार
हे धरूनच त्यानं ती लिहून आणली होती.
मी उशिराच पोचलो.

नाव योर्ग. गाव केम्निट्स.
गेटवरच्या दगानं दोनदा तोंडात घोळवून पाहिलं,
मग रजिस्टरात लिहिलं : योगराज.

साहेब म्हणाले, नेहेते, स्टोअर राहू द्या,
खोका येईस्तोवर याला जरा फिरवा.
खोका दोन दिवसांत येणार होता.
एकतीस लागले.

आता मी काय फिरवणार?
बावन्न वर्षं या जिल्ह्यात काढली,
आल्यागेल्याला दाखवलं ते एकच, अजिंठा,
आणि तो आपल्या जिल्ह्यात नाही.

पहिल्या रविवारी मेहरूणचा तलाव.
दोन फेऱ्या त्याच्यासोबत चाललो,
तिसरीला बाकावर बसून बोरं खाल्ली.
परत आल्यावर त्यानं माझ्या बिया मोजल्या
आणि वहीत आकडा टिपला.

मग बोलावणी येऊ लागली. त्याला.
मी आपला दुभाषा.
असोद्याला भरीत पार्टी : पऱ्हाट्यांच्या जाळावर
वांगी काळीठिक्कर, धूर थेट डोळ्यांत,
निंबा झांबरे लाकडी बडजीत घाव घालतोय.
यानं मुसळ मागून घेतलं
आणि घड्याळ लावल्यासारखा ठेचत राहिला,
एक ठेका, एक जोर,
निंबाची म्हातारी शेवटी म्हणाली,
बस ना भो आता, वांगं मेलं केव्हाच.

फरकांड्याला झुलते मनोरे.
एक हलवला की दुसरा हलतो, म्हणतात.
तो अर्धा तास मान वर करून उभा.
बकऱ्या वळणारा एक बाबा म्हणाला,
आते वर कोन्ले जाऊ देतस नही. पहिले हालेत.
योगराजनं भिंतीला तळहात लावला, डोळे मिटले.
वहीत लिहिलं : काही नाही.
पुढे प्रश्नचिन्ह होतं, ते मी पाहिलं.

सारंगखेड्याच्या यात्रेत त्याला गिऱ्हाईक समजले.
एका घोडीचे अकरा लाख सांगितले,
हा गंभीरपणे तिच्या नाला तपासत बसला,
व्यापारी साडेआठपर्यंत उतरला,
तेव्हा आम्ही पळालो.

उनपदेवला गरम पाण्यात पाय सोडून बसला असताना
त्यानं एकदाच काही विचारलं :
सगळे मला जेवलास का म्हणतात.
उत्तर ऐकतात का पण?
मी म्हटलं, कधी कधी.
त्यानं ते लिहिलं नाही.

चोवीस तारखेला आमच्याकडे जेवायला होता.
कुमुदनं खापरावरचे मांडे केलेले,
आणि ऐन पहिल्या घासाला लाइट गेली.
पोरानं टीव्हीवरची मेणबत्ती पेटवून मधोमध ठेवली.
योगराज हात थांबवून तिच्याकडे बघत राहिला,
मग छातीवर हात ठेवून
एकेकाला धन्यवाद म्हणाला, पोरालासुद्धा.
कुणीच काही दुरुस्त केलं नाही.
लाइट आली तर कुमुदनं उठून बंद केली.

खोका आला. मशीन दोन दिवसांत चालू.
तिसऱ्या दिवशी तो गेला,
पाटी माझ्या टेबलावर विसरून,
की ठेवून, ते कळलं नाही.

मार्चमध्ये त्याचा निरोप :
घरी वांगं भाजलं. धुराची घंटा वाजली.
बंब आला. अख्खी इमारत
कोट घालून रात्री जिन्यात उतरली.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं नाव कळलं.

खाली विचारलंय : हिरव्या मिरच्या नक्की किती?
कुमुद म्हणते, मोजल्यात कुणी कधी?
मी आपलं नऊ कळवलं.