निरोप

देवाकडे जायला
आमच्याकडे चढत नाहीत, उतरतात.
मी जसमाया राई, वरच्या पायरीशी बसते.
तुपाचा दिवा दहा रुपयांना एक,
वारा असला तर काड्यापेटी वेगळी.

खाली ओल, वटवाघळांचा उग्र वास,
आणि छताला एक भगदाड.
दुपारी त्यातून उजेड उतरतो
कुणी दोरीने सोडल्यासारखा.

गिरीबाबा रोज तीच गोष्ट सांगतात:
महादेवाने वर दिला,
ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील त्याची राख.
भस्मासुर म्हणाला, बघू तरी खरं का,
तुझ्यापासूनच सुरुवात करतो.
आणि देव पळाला.
जटा सावरत, व्याघ्रचर्म काट्यांत फाडत
दुधकोशीकडून हा सगळा डोंगर चढला
आणि हलेसीच्या या बिळात शिरला.
लोक इथे हसतात.
मीही हसायचे.

मग त्या साली रात्री माणसं आली
घरटी एक पोरगा मागायला.
पुढच्या रात्री दुसरी आली, बूट घातलेली,
पहिल्यांना जेवू कोणी घातलं ते विचारायला.
माझा भाऊ खड्गधन, सतरा वर्षांचा,
तीन रात्री शिळेमागच्या कपारीत बसला.
मी पटुक्यात बांधून भाजलेला मका नेई.
म्हणाला, दिदी,
इथे दोघांपुरतीच जागा आहे,
आणि हा आधीपासून बसलाय.
चौथ्या रात्री
मका तसाच राहिला.

लामा सांगतात, ही गुहा आमच्या गुरूची. असेल.
आमच्यातली म्हातारी माणसं सांगतात,
इथे एक पोरका भाऊ होता,
मेला समजून बहिणी त्याला सोडून गेल्या.
ती गोष्ट मी पुरती ऐकत नाही.
उठते, वाती वळते.

एकदा गिरीबाबांना विचारलं:
मोहिनी नाचली,
तिच्यामागोमाग त्याने हात नेला स्वतःच्याच डोक्यावर,
राख झाली. बरं.
पण आत लपलेल्याला ते सांगायला कोण आलं?
बाबा म्हणाले, देवाला कळतं.
कळत असतं तर तसला वर दिला असता?
त्यांनी माझ्या तळव्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला
आणि झोळीत किल्ली चाचपू लागले.

आता जीप वरपर्यंत येते.
ते आणि ते बूटवाले
चहाच्या दुकानात एकाच बाकावर बसून
गुडघेदुखीचं बोलतात.

संध्याकाळी शेवटचा यात्रेकरू धापा टाकत वर आला
की एक दिवा मी विकत नाही, लावते.
काळोखावर वाकते
आणि आमच्या बोलीत, फार मोठ्याने नाही,
सांगते,
गेले रे सगळे. ये आता.

खाली पाणी ठिबकतं.
वटवाघळं तेवढी माझं ऐकतात.
एकदम, हजारांनी,
माझ्या डोक्यावरून बाहेर पडतात.